ऐंशी ताटं, शिवाय अकरा

बाबांच्या लेखाला एक्केचाळीस पानं होती. बेचाळिसाव्या पानावर ठळक अक्षरांत 'शिफारशी' एवढा मथळा होता आणि त्याखाली काहीही नव्हतं.

लेख अरब देशांवर होता. पुण्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून बाबा निवृत्त झाले आणि आईला घेऊन माझ्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला आले, ते आल्प्स बघायचा म्हणून. ते साल २०११. जानेवारीत ट्युनिशियाचा अध्यक्ष विमानात बसून पळाला, फेब्रुवारीत कैरोच्या चौकात माणसांचा समुद्र झाला, आणि आल्प्स राहिला. बाबांनी माझ्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग ताब्यात घेतला. तिथे अहवालांच्या चळती लागल्या.

"हे देश वाढत होते, उल्का," ते मला रोज सांगायचे. "ट्युनिशिया दरवर्षी चार-पाच टक्के. हे बघ, सगळीकडून शाबासकी. मग माणसं रस्त्यावर का आली?"

"बाबा, तो अहवाल आमटीत जातोय."

"कारण वाढ झाली किनाऱ्यावर. आतल्या गावांत पदवीधर पोरं हातगाडी ओढत होती, आणि तिचा परवानाही मिळत नव्हता."

अडीच वर्षं हे चाललं. २०१३च्या जूनमध्ये, सकाळचा चहा आणि अंघोळ यांच्या मधल्या वेळात, ते गेले.

त्यानंतरचे दिवस मी कागदपत्रांत घालवले. जर्मनीत माणूस गेला की दुःखाला फारसा वेळ मिळत नाही, आणि ती एका परीने सोय आहे. बाबांच्या मोबाइल कंपनीला मी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर बाबांच्याच नावाने आलं: आपल्या निधनाची नोंद झाली आहे, आपल्याला गमावल्याचा आम्हाला खेद वाटतो, आपण परत येऊ इच्छित असाल तर नव्या योजनांची माहिती सोबत जोडली आहे. आईने ते पत्र दोनदा वाचायला लावलं. "किती सभ्य आहेत," ती म्हणाली.

दुसरं पत्र ब्राउनश्वाइगहून आलं. तिथल्या एका संशोधन संस्थेने नोव्हेंबरमध्ये 'उठावांनंतरच्या अरब देशांत सर्वसमावेशक वाढ' या विषयावर दोन दिवसांचं चर्चासत्र ठेवलं होतं. बाबांचा लेख त्यांनी मे महिन्यातच स्वीकारला होता. संपादक डॉ. हेनिंग्ज यांनी शोक व्यक्त करून लिहिलं होतं की लेख मी वाचून दाखवावा. पुढे सगळ्या लेखांचं पुस्तकही निघणार होतं. फक्त एक अडचण होती. शिफारशींशिवाय कुठलाही लेख पुस्तकात घेता येत नाही, असा त्यांचा नियम होता. कारण मंत्रालयातले लोक तेवढंच वाचतात.

"मग त्यात काय, चार ओळी तू लिही," श्रीपादकाका म्हणाले. ते आमच्या गावातल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. जर्मनीत येऊन त्यांना तीस वर्षं झाली आहेत आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे तोडगा असतो. "शिफारशी सगळ्या सारख्याच असतात. शिक्षण वाढवा, भ्रष्टाचार कमी करा. कुठल्याही देशाला चालतात."

आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. "भावजी, ह्यांनी जे लिहिलं नाही ते ह्यांच्या नावावर जाणार नाही. चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या त्यांनी."

"अहो वहिनी, पण मग पुस्तकात येणारच नाही."

"नाही तर नाही."

ती असं म्हणाली खरी, पण काका गेल्यावर बराच वेळ खिडकीकडच्या चळतींकडे बघत उभी होती. बाबांचं आयुष्यात एकही पुस्तक आलं नव्हतं. गाईडं आली होती, बारावीसाठी, दोन. ती ते मोजत नसत.

ऑक्टोबरमध्ये मला तो कागद सापडला.

फायलीच्या मागच्या कप्प्यात, कैरोतल्या पावाच्या किमतीच्या कात्रणांमध्ये, चौकटींच्या कागदाची घडी होती. बाबांचं अक्षर. मराठीत. वर लिहिलं होतं: 'ऐंशी. शिवाय अकरा.' आणि खाली सात मुद्दे.

एक. पहिल्या फेरीत सगळ्यांना थोडं थोडं. दुसऱ्यांदा कोणालाही नाही, तो कोणी का असेना.

दोन. सुरुवात दाराजवळच्या टोकाकडून. वरच्या टोकाकडून कधीही नाही.

तीन. सगळ्यांच्या ताटात मीठ पडल्याशिवाय कोणी हात लावू नये.

चार. 'हवंय का' असं विचारू नये. ज्याला हवं असतं तोच नको म्हणतो. वाढून मोकळं व्हावं.

पाच. गोडाची परात एकाच माणसाच्या हाती देऊ नये. गेल्या वर्षी काय झालं ते लक्षात ठेवावं.

सहा. उशिरा येणाऱ्यांचं आधीच बाजूला काढावं. 'उरलं तर देऊ' म्हणू नये. उरत नाही.

सात. वाढणाऱ्यांची ताटं आधी वाढून झाकून ठेवावीत.

सातवा मुद्दा निळ्या शाईत होता, बाकीचे काळ्या.

मी उभ्याउभ्या तो कागद तीनदा वाचला आणि मग बसले. ऐंशी म्हणजे इजिप्त, आठ कोटींहून जास्त लोक. अकरा म्हणजे ट्युनिशिया, एक कोटी दहा लाख. बाबा लोकसंख्या नेहमी दशलक्षांतच बोलायचे. 'गेल्या वर्षी काय झालं' हे तर उघडच होतं: कागदाच्या कोपऱ्यात २०१२ अशी नोंद होती, म्हणजे गेलं वर्ष २०११. गोडाची परात म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या सोयऱ्यांनी बळकावलेले परवाने. दाराजवळचं टोक म्हणजे आतली, उपेक्षित गावं. मीठ म्हणजे मूलभूत गरजा. उशिरा येणारे म्हणजे तरुण पिढी. एक्केचाळीस पानं तक्ते आणि तळटिपा लिहून झाल्यावर बाबांनी शेवटचं म्हणणं पंगतीच्या भाषेत मांडलं होतं. मला ते इतकं बाबांसारखं वाटलं, की मी चष्मा काढून ठेवला.

मी खूप वाचते. वाचणाऱ्या माणसाला एक रोग होतो: कुठल्याही कागदात त्याला खोली दिसायला लागते. एरवी माझी नोकरी मला त्यातून वाचवते. मी वैद्यकीय यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते, ज्यांत 'रुग्णाने हलू नये' याचा अर्थ रुग्णाने हलू नये एवढाच असतो. पण हा कागद घरी सापडला, ऑफिसात नाही.

आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

"शिफारशी सापडल्या," मी म्हटलं.

लाटणं थांबलं. "त्यांच्या अक्षरात?"

"त्यांच्या अक्षरात."

"सगळ्या?"

"सात आहेत. दाखवू?"

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, पुन्हा उलटली. "आत्ता नको. मला अक्षर बघवत नाही. तिथेच ऐकेन मी."

भाषांतराला मला दोन आठवडे लागले. एकेका नियमाखाली मी छोटं स्पष्टीकरण जोडलं. बाबांच्या नावावर माझं काही जाऊ नये म्हणून ते तिरप्या अक्षरांत ठेवलं.

ब्राउनश्वाइगला जायला गाडी बदलून चार तास लागतात. आईने साडीवर माझा जाड कोट घातला होता, डोक्याला लोकरीची टोपी, आणि मांडीवर पिशवी. पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि एक मोठा डबा तिखटमिठाच्या पुऱ्या.

"आई, तिथे जेवण आहे. पत्रिकेत लिहिलंय."

"असेल. मी कुठे नाही म्हणते."

जेवण होतं. एका लांब टेबलावर मांडलेलं, बारा ते पाऊण, ज्याने त्याने उठून घ्यायचं. सर्वसमावेशक वाढीचे तीस-पस्तीस तज्ज्ञ बारा वाजून एका मिनिटाने टेबलापाशी पोचले, आणि पहिल्या दहा जणांनी मासा संपवला. साडेबाराला चीज संपलं. बारा चाळीसला दारातून एक बाई आत आल्या, पन्नाशीच्या, खांद्याला प्रवासी पिशवी. या डॉ. नजवा घर्बी, ट्युनिसच्या. बाबांच्या लेखावर बोलायला त्यांनाच बोलावलं होतं. त्यांची गाडी फ्रँकफर्टहून येताना दीड तास रखडली होती. टेबलावर बटाट्याचं सॅलड दोन चमचे उरलं होतं, आणि मोहरीची भरपूर चटणी.

आईने मला कोपराने ढोसलं. "बोलाव तिला."

"आई, असं बरं दिसत नाही इथे."

"उपाशी बसलेलं बरं दिसतं?"

नजवाबाई आमच्या टेबलाशी बसल्या. आईने विचारलं नाही, सरळ त्यांच्या बशीत चार पुऱ्या ठेवल्या. आई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. इंग्रजी तिला पूर्ण समजतं, पण बोलायला लागली की वाक्यं मोजून येतात. ट्युनिशियाबद्दल तिच्याजवळ तीन शब्द होते: ऑलिव्ह, खजूर, फॉस्फेट. तिने त्यातला भारदस्त निवडला.

"तुमचं फॉस्फेट कसं आहे?" तिने इंग्रजीत विचारलं, एखाद्याच्या वडिलांची तब्येत विचारावी तसं.

नजवाबाई खायच्या थांबल्या. मग हसल्या. "फॉस्फेट उत्तम आहे. माझा भाऊ मात्र सहा वर्षं त्या खाणीत नोकरी मिळायची वाट बघतोय. इंजिनीअर आहे."

"मग आता सरकार बदललं ना?"

"सरकार बदललं. रांग तीच आहे."

आईने अजून दोन पुऱ्या ठेवल्या. "ह्यांनी हेच लिहिलंय," ती मला मराठीत म्हणाली. "हिला सांग."

दोन वाजता माझी पाळी आली. डॉ. हेनिंग्ज अध्यक्षस्थानी होत्या: उंच, पांढरे कापलेले केस, गळ्यात चष्म्याची साखळी. भाषणाच्या टेबलावर छोटा सिग्नल होता. पंधरा मिनिटं हिरवा, शेवटची दोन पिवळा, मग लाल. लाल लागल्यावर माइक आपोआप बंद होतो, असं त्यांनी हसून सांगितलं. त्या विनोद करत नव्हत्या.

लेखाचा सारांश मी दहा मिनिटांत आटोपला. इजिप्तमध्ये इंधनावरच्या सवलतीचा मोठा वाटा गाडीवाल्यांनाच कसा जातो, हातगाडीच्या परवान्याला किती शिक्के लागतात, मुली पदवीधर होतात आणि घरी बसतात. सभागृहात अदबीची शांतता होती. दोघं आपापल्या फोनकडे बघत होते. मग मी म्हटलं की शेवटचा भाग लेखकाने हाताने, मातृभाषेत लिहिलेला आहे, आणि वाचायला सुरुवात केली.

"ऐंशी. शिवाय अकरा."

पहिल्या रांगेत आईने मान वर केली.

"अर्थातच इजिप्त आणि ट्युनिशिया, दशलक्षांत," मी स्पष्टीकरण वाचलं. डॉ. हेनिंग्ज "गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.

पहिल्या नियमाला आईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. दुसऱ्याला तिने मागे वळून बघितलं. मागचे लोक लिहून घेत होते. फोनवाले दोघंही. मिठाला कोणीतरी हलकेच टेबलावर बोटं वाजवली; इथे टाळ्यांऐवजी तसं करतात. मला अंगात बळ आल्यासारखं झालं. पाचव्या नियमाला, गोडाची परात एकाच माणसाच्या हाती नको, गेल्या वर्षी काय झालं ते लक्षात ठेवावं, मी जरा आवाज चढवला आणि म्हटलं, "लेखकाचा रोख इथे उघडपणे २०११च्या घटनांकडे आहे."

आईने पदराचं टोक तोंडावर धरलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, ती रडते आहे. जूनपासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी नजर कागदावर ठेवली आणि उरलेले दोन नियम वाचून टाकले. पिवळा दिवा लागला होता.

टेबलं बराच वेळ वाजत राहिली. ब्रसेल्सच्या एका गृहस्थांनी विचारलं, मीठ म्हणजे लेखकाला गहू अभिप्रेत आहे की वीज. मी म्हटलं, दोन्ही. डॉ. हेनिंग्ज म्हणाल्या की इतक्या नेमक्या शिफारशी त्यांच्याकडे क्वचित येतात. मग त्यांनी नजवाबाईंना बोलायला सांगितलं.

नजवाबाईंनी टिपणाची वही बंद केली.

"सहा नियम मला माझ्या देशाच्या अर्थमंत्र्यांच्या भिंतीवर लावायला आवडतील," त्या म्हणाल्या. "पण सातवा. वाढणाऱ्यांची ताटं आधी वाढून ठेवावीत. आमच्याकडे वाढणारे कोण होते? अध्यक्ष, त्यांचे मेहुणे, त्यांचे अधिकारी. तेवीस वर्षं त्यांनी आपली ताटं आधी वाढून घेतली, आणि झाकूनही ठेवली. परदेशी बँकांत. लोक रस्त्यावर आले ते ह्याच नियमाविरुद्ध. मला लेखकाबद्दल आदर आहे, पण आयुष्यभर अभ्यास करून ते शेवटी असं म्हणतात? का?"

सभागृह माझ्याकडे बघू लागलं. मी हा मुद्दा पाहिलाच नव्हता. दोन आठवड्यांत मी सातव्याखाली लिहिलं होतं: 'प्रशासनाचं वेतन वेळेवर द्यावं.' ते वाक्य आता मोठ्याने वाचायची माझी हिंमत झाली नाही. बाबांच्या नावावर, त्यांच्या एकमेव पुस्तकात, चोरांची बाजू जाणार होती आणि ती मी घातली होती.

"लेखकाला कदाचित..." मी सुरुवात केली.

आई उठली. कोट, टोपी, सगळ्यासकट.

"या लेखकाच्या पत्नी आहेत," मी म्हटलं.

"जरूर, जरूर," डॉ. हेनिंग्ज म्हणाल्या. "त्यांना दोन शब्द बोलायचे असतील तर."

आई माइकपाशी येऊन मराठीत म्हणाली, "हा कागद गणपतीच्या जेवणाचा आहे."

मी माइक हाताने झाकला.

"सांग ना त्यांना."

"आई," मी हळू आवाजात म्हटलं, "काय म्हणतेस तू?"

"मंडळाचा गणपती. मागच्या वर्षीचा. तू नव्हतीस, स्टॉकहोमला गेली होतीस कामाला. ऐंशी मोठे आणि अकरा मुलं. त्याच्या आदल्या वर्षी टेबलावर मांडलं होतं, इथल्यासारखं. श्रीपादभावजींनी पुरणपोळीची परात धरली आणि ओळखीच्यांना चार-चार वाढल्या. मागच्या वीस जणांना वरणभात. म्हणून ह्यांनी पंगत ठरवली. भाषांतर कर. गाळू नकोस काही."

सगळे थांबले होते. श्रीपादकाकांचा सल्ला मला त्या क्षणी आठवला, हे कबूल करायला हवं. मी म्हणू शकले असते: श्रीमती रेगे आपले आभार मानतात. मराठी समजणारं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी भाषांतर केलं. मंडळ, गणपती, ऐंशी मोठे, अकरा मुलं. पुरणपोळी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण ब्रसेल्सच्या गृहस्थांनी हात वर केला होता. इजिप्त आणि ट्युनिशिया ही माझी चूक होती, असंही सांगितलं. मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. डॉ. हेनिंग्ज यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"आल्झो," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा दस्तऐवज अरब देशांविषयी नाही."

"नाही."

"तो एका भोजनाविषयी आहे."

"हो."

"माझं झालं नाहीये," आई म्हणाली. ती आता नजवाबाईंकडे बघून बोलत होती आणि मी तिच्या मागोमाग. "वाढणारे म्हणजे तुमचे मंत्री नव्हेत. वाढणाऱ्या आम्ही पाच जणी होतो. बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं. दाराजवळच्यांना आधी, उशिरा आलेल्यांचं बाजूला काढलेलं. फार कौतुक झालं ह्यांचं. भाषण केलं ह्यांनी, सर्वसमावेशक म्हणून. आम्ही पाच जणी शेवटी बसलो तेव्हा पोळी नव्हती, भाजी नव्हती, कढीचं भांडं खरवडलेलं. मी घरी येऊन तीन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. चौथ्या दिवशी ह्यांनी निळं पेन घेतलं आणि हा सातवा लिहून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, आता लिहून काय उपयोग? तर म्हणाले, पुढच्या वर्षी."

एवढं बोलून ती थांबली. पुढच्या वर्षीच्या गणपतीला बाबा नव्हते, हे तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. पण खोलीतल्या बहुतेकांना हिशेब करता येत होता.

नजवाबाईंनी पेन काढलं. मग म्हणाल्या, "माझी आई आतल्या भागात, कासरीनला असते. अजून उभ्यानेच जेवते." आणि त्यांनी वही उघडून आधीचं काहीतरी खोडलं.

पुढची वीस मिनिटं मात्र शुद्ध जर्मन होती. प्रश्न असा होता की लेखाला आता शिफारशी आहेत की नाहीत. डॉ. हेनिंग्ज यांनी संस्थेची नियमावली मागवली. नियम असा निघाला की शिफारशी लेखकाच्याच असाव्यात आणि विषयाला धरून असाव्यात. त्या विषयाला धरून आहेत की नाहीत, हे समीक्षकाने लेखी द्यायचं. नजवाबाईंनी तिथल्या तिथे 'आहेत' असं लिहून सही केली.

"मग सातही घेता येतील," डॉ. हेनिंग्ज म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

"सात नाही," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिले सहा माझे आहेत. मी सांगितले, ह्यांनी लिहून घेतले. ह्यांना काय ठाऊक पंगतीतलं? आयुष्यात कधी आमटीचं भांडं हातात धरलं नव्हतं. 'कुंदा, सावकाश सांग, लिहितोय' असं म्हणत बसले होते."

मी भाषांतर केलं. नजवाबाईंनी मान खाली घातली. त्या हसत असाव्यात.

"ह्यांनी जे केलं नाही ते ह्यांच्या नावावर जायला नको," आई म्हणाली. "सातवा मात्र ह्यांचा. तो मी सांगितलेला नाही. मी तर बोलतच नव्हते."

डॉ. हेनिंग्ज यांनी नियमावली पुन्हा उघडली आणि बोट फिरवत दोनदा वाचली. "कमीत कमी किती शिफारशी असाव्यात, हे इथे दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांना ते स्वतःलाच आश्चर्याचं वाटलं. "एक चालेल. उरलेल्या सहा चर्चेच्या वृत्तांतात जातील, श्रीमती रेगे यांच्या नावाने. श्रीमती रेगे यांचा हुद्दा काय लिहू?"

"भूगोल," आई म्हणाली.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग एक फॉर्म आला, वारसाच्या संमतीचा. डॉ. हेनिंग्ज यांनी मला विचारून त्यात सातव्या नियमाचं वाक्य इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहिलं, जर्मन शाळेतल्या त्या उभ्या, सुट्या अक्षरांत, आणि कागद आईपुढे सरकवला. आईने टोपी काढून बाजूला ठेवली. चष्मा लावून तिने ते वाक्य बोट धरत वाचलं. एकदा संपवून पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"'आधी' आलंय ना यात?" तिने मला विचारलं. "आधी वाढून, मग झाकून. नाहीतर इंग्रजीत गळायचं."

"आलंय," मी म्हटलं.

मग तिने सही केली.